चॉसरचा गरीब पाद्री

(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवळाचा जीर्णोद्धार पुरा झाला म्हणजे सर्वांचे डोळे कळसाकडे लागतात, आणि ते योग्यच आहे. दगड, लाकूड, चुना, सिमेंट आणि मजुरी यांचा मेळ घालीत, कोणाचे शंभर तर कोणाचे पाच रुपये गोळा करीत उभे राहिलेले काम पाहून समाधान वाटणारच. परंतु देऊळ उभे राहिले की त्याच्या पाठोपाठ एक प्रश्नही उभा राहतो. देवाच्या दारी देवाच्या नावाने जो माणूस वावरतो, लोकांचा विश्वास आणि लोकांचे दान ज्याच्या हाती येते, तो माणूस कसा असावा? हा प्रश्न एका गावाचा नाही, एका धर्माचा नाही आणि आजचाही नाही. सहाशे वर्षांपूर्वी इंग्लंड देशातील एका कवीला हाच प्रश्न पडला होता. त्याने त्याचे उत्तर एका खेड्यातील गरीब पाद्र्याच्या रूपाने लिहून ठेवले. त्या कवीचे नाव जेफ्री चॉसर. आजच्या या चार शब्दांचा विषय म्हणजे चॉसरचा तो गरीब पाद्री.

प्रथम कवीची थोडी ओळख करून घेणे जरूर आहे. चॉसर हा साधू नव्हता की धर्मशास्त्रीही नव्हता. लंडनमधील एका मद्याच्या व्यापाऱ्याचा तो मुलगा. त्याचा जन्म १३४० नंतरच्या दोन-चार वर्षांतला आणि मृत्यू १४०० सालचा. तरुणपणी तो फ्रान्सच्या लढाईत शत्रूच्या हाती सापडला. तेव्हा त्याच्या सुटकेसाठी १३६० साली राजाच्या खजिन्यातून १६ पौंड दिले गेल्याची नोंद आहे. पुढे १३७४ ते १३८६ अशी बारा वर्षे तो लंडन बंदरात लोकरीच्या जकातीचा तपासनीस होता. हिशेबाच्या नोंदी त्याने स्वतःच्या हाताने लिहाव्यात, अशी अट त्याच्या नेमणुकीतच घातलेली होती. १३८६ साली केंट परगण्यातर्फे तो पार्लमेंटात बसला. १३८९ ते १३९१ या काळात राजाच्या बांधकामांचा कारभार त्याच्याकडे होता. ऐकून नवल वाटेल, पण १३९० साली विंडसर येथील सेंट जॉर्जच्या प्रार्थनामंदिराच्या दुरुस्तीचे कामही त्याच्यावर सोपविण्यात आले होते. म्हणजे पडीक देवालय दुरुस्त करताना दगड किती लागतो, गवंड्याची मजुरी किती होते आणि मंजूर रकमेतून प्रत्यक्ष कामावर किती पोहोचते, हे सारे या कवीच्या नजरेखालून गेलेले होते. त्याच वर्षी वाटेत चोरांनी गाठून त्याच्याजवळची सरकारी रक्कम लुटली, हाही अनुभव त्याच्या पदरी आला. दिवसा दप्तर आणि रात्री पुस्तके असे त्याचे आयुष्य गेले. अशा माणसाला गोड शब्दांची भूल पडत नाही. तो आधी हात पाहतो, मग तोंड पाहतो.

चॉसरच्या ज्या ग्रंथात हा पाद्री भेटतो त्याचे नाव ‘कँटरबरी टेल्स’, म्हणजे कँटरबरीच्या वाटेवर सांगितलेल्या गोष्टी. सुमारे १३८७ सालापासून तो हा ग्रंथ लिहीत होता आणि तो अखेर अपुराच राहिला. कँटरबरी हे गाव लंडनपासून सुमारे ६० मैलांवर आहे. तेथील आर्चबिशप टॉमस बेकेट याचे चर्चच्या हक्कांवरून राजा दुसरा हेन्री याच्याशी वितुष्ट आले. २९ डिसेंबर ११७० रोजी राजाच्या चार सरदारांनी त्याला चर्चमध्येच ठार मारले. ११७३ साली पोपने त्याला संतपद दिले. तेव्हापासून त्याची समाधी हे साऱ्या इंग्लंडचे यात्रास्थान झाले. दुखण्यातून उठलेले लोक नवस फेडण्यासाठी तेथे जात.

वसंत ऋतूत असे सुमारे तीस यात्रेकरू लंडनच्या दक्षिणेस, नदीपलीकडे, टॅबर्ड नावाच्या एका खाणावळीत रात्रीच्या मुक्कामाला एकत्र येतात. त्यांत सरदार आहे, व्यापारी आहे, वैद्य आहे, वकील आहे, पिठाच्या गिरणीवाला आहे, स्वयंपाकी आहे, पाच वेळा लग्न झालेली एक बोलकी बाई आहे. खाणावळीचा मालक सुचवितो की वाट सरावी म्हणून प्रत्येकाने गोष्टी सांगाव्यात. ज्याची गोष्ट सरस ठरेल त्याला परत आल्यावर बाकीच्यांनी मेजवानी द्यावी. सर्वांना हे पसंत पडते. गोष्टी सुरू होण्यापूर्वी कवी एकेका यात्रेकरूची ओळख करून देतो. त्या ओळखीतच सहाशे वर्षांपूर्वीचे सबंध इंग्लंड डोळ्यांपुढे उभे राहते.

या मेळ्यात धर्माची वस्त्रे घातलेली माणसे पुष्कळ आहेत, आणि कवीने त्यांपैकी बहुतेकांची पुरती हजेरी घेतली आहे. एक मठवासी साधू आहे. मठाचे नियम जुने झाले, असे म्हणून तो खुशाल शिकारीला जातो. त्याच्याजवळ उत्तम घोडे व शिकारी कुत्रे आहेत, बाह्यांना किमती केसाळ कातड्याची किनार आहे, आणि गळ्याशी सोन्याची पिन आहे. दुसरा भिक्षा मागून राहण्याचे व्रत घेतलेला फ्रायर, नाव ह्यूबर्ड. गावोगावच्या गुत्तेवाल्यांशी त्याची घसट, महारोग्यांशी मात्र ओळख नाही. पायात जोडा नसलेल्या विधवेकडूनही तो काहीतरी काढल्याशिवाय उठत नाही. तिसरा धर्मकोर्टाचे समन्स बजावणारा. मद्याचे एक माप मिळाले की तो पापाकडे डोळेझाक करतो. आणि चौथा सर्वांवर ताण करणारा, रोमहून आणलेली माफीपत्रे विकणारा. त्याच्या पोतडीत उशीचा एक अभ्रा आहे. तो मेरीमातेचा पदर आहे असे तो सांगतो. काचेच्या बरणीत डुकराची हाडे आहेत. ती संतांच्या अस्थी म्हणून दाखवितो. आडगावच्या एखाद्या गरीब पाद्र्याच्या वस्तीत शिरला म्हणजे त्या पाद्र्याला दोन महिन्यांत मिळते त्याहून जास्त रक्कम हा एका दिवसात घेऊन जातो.

जकातीच्या कचेरीत बारा वर्षे काढलेल्या माणसानेच असा हिशेब मांडावा. एका बाजूला एक दिवस, दुसऱ्या बाजूला दोन महिने. देव एकच, भाबडे लोकही तेच. फरक फक्त मागणाऱ्याच्या नियतीत.

आता आपला पाद्री. इतक्या सगळ्यांची टर उडविणारा हा कवी या एका माणसापाशी आला म्हणजे एकाएकी गंभीर होतो. सुमारे पन्नास ओळी तो त्याच्यावर खर्च करतो, पण त्यांत एकही चिमटा नाही. फ्रायरचे नाव कवीने सांगितले, या पाद्र्याचे नाव नाही. त्याच्या गावाचेही नाव नाही. इतरांच्या कपड्यांचे वर्णन बाह्यांपासून जोड्यांपर्यंत केले, या पाद्र्याच्या अंगावर काय होते याचा उल्लेखच नाही. त्याच्याजवळची एकच वस्तू कवी दाखवितो. ती म्हणजे हातातली काठी.

ही काठी चालण्यासाठी आहे. एका चर्चच्या ताब्यात जेवढी गावे-वाड्या येतात त्या भागाला तिकडे पॅरिश म्हणतात. या पाद्र्याची पॅरिश लांबरुंद आणि घरे एकमेकांपासून दूरदूर. पाऊस असो, गडगडाट असो, स्वतःला बरे नसो. कोणाच्या घरी आजार किंवा संकट आले की हा काठी टेकीत पायीच त्या घरी जाणार. घर मोठ्याचे की लहानाचे हे पाहावयाचे नाही. गरजेला कोण हे पाहावयाचे. तो विद्वान होता, धर्मग्रंथ शिकलेला होता. परंतु त्याची विद्या पोथीत बसून राहिली नाही, ती चिखलातून चालत दूरच्या झोपडीपर्यंत गेली.

दुसरी गोष्ट पैशाची. त्या काळी इंग्लंडातील प्रत्येक शेतकऱ्याने पिकाचा, कोकरांचा, लोकरीचा दहावा हिस्सा चर्चला द्यावा असा दंडक होता. जो देत नसे त्याला पाद्री शाप देऊन वाळीत टाकू शके. वाळीत पडलेल्याला धर्मसंस्कार नाहीत आणि मेल्यावर पवित्र भूमीत जागाही नाही. म्हणजे वसुलीसाठी देवाचाच धाक. पुष्कळ पाद्री हे हत्यार बेलाशक वापरीत. आपल्या या पाद्र्याला मात्र दहाव्या हिश्श्यासाठी कोणालाही वाळीत टाकणे जिवावर येई. उलट चर्चमध्ये जी भेट जमा होई तिच्यातून, आणि स्वतःच्या तुटपुंज्या मिळकतीतूनही, तो आसपासच्या गरिबांना देई. स्वतःला थोडक्यात भागविण्याची त्याला सवय होती. तो गरीब होता, पण त्याच्या चर्चमधला पैसा मात्र अडून राहिलेला नव्हता. तो जेथून येई तेथेच, गरजवंताच्या घरी, परत जाई.

तिसरी गोष्ट उपदेशाची. हा पाद्री जे लोकांना सांगतो ते आधी स्वतः आचरतो, याच्यावर कवीचा सर्वांत अधिक भर आहे. कुंपणानेच शेत खाल्ले तर राखण कोणी करावी, अशा अर्थाचा एक दाखला त्याने धातूंच्या भाषेत दिला आहे. आणि चांगला असून तो घुमा किंवा तुसडा नाही. चुकलेल्या माणसाला तो तुच्छ लेखीत नाही. त्याला गोडीने, स्वतःच्या उदाहरणाने वळवून आणतो. मात्र कोणी हट्टाने वाईट मार्ग धरला, तर तो श्रीमंत आहे की गरीब हे न पाहता त्याला खडसावतो. येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. गरिबाला खडसावणे सोपे असते. ज्याच्या देणगीवर चर्चचे छप्पर उभे आहे त्याला त्याची चूक तोंडावर सांगणे फार अवघड असते. त्या अवघड जागी हा माणूस डगमगत नाही. म्हणून कवी म्हणतो की याच्याहून चांगला धर्मोपदेशक कोठे असेल असे त्याला वाटत नाही.

कवीने आणखी एक गोष्ट मुद्दाम नोंदविली आहे. या पाद्र्याने आपले गाव भाड्याने दुसऱ्याकडे सोपवून लंडनची वाट धरली नाही. हे समजण्यासाठी त्या काळची हकीगत ठाऊक पाहिजे. १३४८-४९ साली इंग्लंडात प्लेगची भयंकर साथ आली. देशातील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लोक, कित्येकांच्या मते निम्मे लोक, त्यात दगावले. आजाऱ्याच्या उशाशी बसणे हे पाद्र्यांचे कामच असल्याने तेही मोठ्या संख्येने मेले. गावे ओस पडली, दहावा हिस्सा आटला. तेव्हा पुष्कळ पाद्र्यांनी गाव सोडले. लंडनमधील सेंट पॉल चर्चसारख्या ठिकाणी श्रीमंतांच्या मृत आत्म्यांसाठी प्रार्थना म्हणण्याचे काम मिळे. पगार रोख, पायपीट नाही, प्लेगच्या झोपडीत जाणे नाही. गावात मात्र थोड्या पैशात बदली माणूस ठेवून द्यावयाचा. चॉसरच्याच काळातील विल्यम लँगलंड या कवीनेही ‘पिअर्स प्लाउमन’ या आपल्या काव्यात अशा पाद्र्यांवर कोरडे ओढले आहेत. आपला पाद्री मात्र गावातच राहिला. मेंढपाळाने कळप लांडग्याच्या तोंडी देऊन जाऊ नये, हे त्याने जाणले. चांगुलपणा म्हणजे काही मोठा चमत्कार नव्हे. पुष्कळदा चांगुलपणा म्हणजे नेमून दिलेल्या जागी टिकून राहणे, एवढाच असतो.

या पाद्र्याबरोबर त्याचा सख्खा भाऊ आहे, आणि तो आहे नांगरट करणारा शेतकरी. शेणखताच्या गाड्या ओढण्यात त्याचा जन्म गेला. देवावर त्याचे सर्वांत अधिक प्रेम, आणि शेजाऱ्यावर स्वतःइतकेच. शेजारी अडला तर मजुरी न घेता तो मळणी करतो, चर खणतो. आपला दहावा हिस्सा मात्र तो चोख देतो. एक भाऊ वसुलीसाठी कोणाला छळत नाही आणि दुसरा भाऊ देणे बुडवीत नाही. दोन्ही बाजू जेथे अशा असतील तेथे धर्मसंस्थेला वसुलीचा शिपाई ठेवावा लागणार नाही. कवीने दोघांना भाऊ केले यात मोठे मर्म आहे.

आता कोणी म्हणेल की असा माणूस कवीच्या कल्पनेतच असायचा. परंतु पायी चालणाऱ्या आणि हातचे देऊन टाकणाऱ्या धर्मोपदेशकाची आठवण इंग्लंडात चॉसरच्याही सातशे वर्षे आधीपासून चालत आलेली होती. बीड नावाच्या एका विद्वान साधूने ७३१ साली इंग्लंडच्या धर्माचा इतिहास लॅटिन भाषेत लिहून पुरा केला. त्यात लिंडिसफार्न बेटावरचा बिशप एडन याची हकीगत आहे. एडन ६५१ साली वारला. तो पायीच हिंडत असे, म्हणून ऑस्विन राजाने नद्या-ओढे ओलांडण्यासाठी त्याला खोगिरासह एक उत्तम घोडा दिला. वाटेत एक भिकारी भेटला, तेव्हा एडनने तो घोडा साजासकट त्याला देऊन टाकला. राजाला हे कळताच तो रागावला. एवढा किमती घोडा भिकाऱ्याला कशाला, हलकासा दिला असता तर चालले नसते काय, असे त्याने विचारले. एडनने उलट विचारले की घोडीचे शिंगरू तुला देवाच्या लेकराहून अधिक मोलाचे वाटते काय. राजा शेकोटीपाशी विचार करीत उभा राहिला. मग कंबरेची तलवार काढून त्याने एडनच्या पायाशी गुडघे टेकले व क्षमा मागितली.

याच एडनविषयी बीडने लिहिले आहे की श्रीमंतांनी दिलेला पैसा तो गरिबांत वाटी, किंवा अन्यायाने गुलाम म्हणून विकल्या गेलेल्यांना सोडविण्यासाठी खर्च करी. आणि त्या मोठ्या माणसांना तो स्वतः कधी पैसा देत नसे, आले तर जेवू घालीत असे. गंमत अशी की ईस्टरचा सण कोणत्या दिवशी धरावा यावर बीडचे व एडनचे मत जुळत नव्हते, आणि बीडने ते स्पष्ट लिहिले आहे. तरीही एडनच्या वागण्याला त्याने उणे म्हटले नाही. पंचांगावरून मतभेद असला तरी शीलाला शील म्हणावे, हा बीडचा मोठेपणा होय.

पुन्हा चॉसरच्या पाद्र्याकडे येऊ. चांगल्या माणसाला लोक नेहमी डोक्यावर घेतात असे नाही. खाणावळीचा मालक बोलता बोलता देवाच्या शपथा घेत असतो. पाद्री त्याला सौम्यपणे हटकतो. तेव्हा मालक थट्टेने म्हणतो की हा लोलार्ड दिसतो. लोलार्ड म्हणजे जॉन विक्लिफ या सुधारकाच्या पंथाचे लोक. चर्चच्या श्रीमंतीवर टीका करणारा आणि बायबल लोकांच्या इंग्रजी भाषेत यावे असे म्हणणारा विक्लिफ १३८४ साली वारला. पुढे १४०१ साली, म्हणजे चॉसरच्या मृत्यूनंतर एका वर्षात, धर्मविरोधी मतांबद्दल जिवंत जाळण्याचा कायदा इंग्लंडात झाला आणि त्याच वर्षी विल्यम सॉट्री नावाच्या पाद्र्याला जाळण्यात आले. म्हणजे ती थट्टा साधी नव्हती. ज्या समाजात सगळे सवयीने वाकडे चालतात तेथे सरळ चालणाऱ्यावर आधी संशय येतो. कुऱ्हाडीने दार फोडणाऱ्यापेक्षा दारात दिवा घेऊन उभा राहणारा पुष्कळांना जास्त अडचणीचा वाटतो.

प्रवासाच्या शेवटी सूर्य कलतो, सावल्या लांबतात आणि गोष्ट सांगण्याची पाळी या पाद्र्यावर येते. मालक म्हणतो, एखादी कल्पित गोष्ट सांगा. पाद्री नम्रपणे नकार देतो. यमके जुळविण्यात त्याला रस नाही. तो साध्या गद्यात पश्चात्तापाविषयी एक लांब प्रवचन करतो. मनापासून खेद वाटणे, तोंडाने चूक कबूल करणे आणि झालेली चूक भरून काढणे, अशा तीन पायऱ्या तो सांगतो. त्यातच गर्व, मत्सर, क्रोध, आळस, लोभ, खादाडपणा व काम या सात पापांचे आणि त्यांच्यावरील उपायांचे विवेचन येते. आपल्याकडील षड्रिपूंशी ही यादी ताडून पाहण्यासारखी आहे. आळस आणि खादाडपणा यांना त्यांनी मोठ्या शत्रूंत जागा दिली आहे, हे आपणही लक्षात घेण्यास हरकत नाही. लोभाविषयी बोलताना हा पाद्री जमीनदारांना बजावतो की कुळांवर अन्यायाचे दंड व पट्ट्या बसविणे पाप आहे, आणि ज्या बीजापासून कूळ जन्मते त्याच बीजापासून धनीही जन्मतो. १३८१ साली इंग्लंडातील शेतकऱ्यांचे मोठे बंड होऊन गेले होते. त्यात खुद्द कँटरबरीच्या आर्चबिशपाचा जमावाने शिरच्छेद केला, आणि बंडाचा उपदेशक जॉन बॉल या पाद्र्याला राजाने ठार मारविले. त्या आठवणी ताज्या असताना असे शब्द काढण्यास छाती लागते. पाद्र्याच्या प्रवचनानंतर दुसरी गोष्ट नाही. शेवटचा शब्द कवीने या गरीब माणसाला दिला.

हे प्रवचन इंग्रजीत आहे, ही गोष्टही लहान नाही. त्या काळी चर्चची भाषा लॅटिन आणि बड्या लोकांची फ्रेंच. सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत धर्म सांगणे हेच दयेचे काम होते. याच वाटेवरचा पुढच्या काळातला एक पाद्री तर आपल्या मराठीचाच झाला. इंग्लंडात जन्मलेले फादर टॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले. तेथील लोकांची भाषा ते इतकी शिकले की १६१६ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ त्यांनी मराठी ओव्यांत रचले. ज्यांच्याशी बोलावयाचे त्यांची भाषा आधी शिकावी, हे त्यांनी कृतीने दाखविले.

आता अखेरची हकीगत. ज्या समाधीच्या दर्शनाला ते तीस यात्रेकरू निघाले होते ती इंग्लंडातील सर्वांत श्रीमंत समाध्यांपैकी एक होती. सोन्याच्या पत्र्याने मढविलेली, राजेरजवाड्यांनी वाहिलेल्या हिऱ्यामाणकांनी लखलखणारी. १५३८ साली राजा आठवा हेन्री याने ती उद्ध्वस्त करविली आणि सोने-जवाहीर गाड्यांत भरून आपल्या खजिन्यात नेले. आज त्या जागी मोकळी फरशी असून तेथे एक मेणबत्ती तेवत असते. यात्रेकरूंच्या पायांनी आणि गुडघ्यांनी झिजलेल्या दगडी पायऱ्या तेवढ्या शिल्लक आहेत.

सोने गेले. काठी टेकीत चालणारा तो पाद्री मात्र गेला नाही. इंग्लंडात छापखाना आल्यावर, १४७६-७७ च्या सुमारास, कॅक्स्टनने जे मोठे ग्रंथ छापले त्यांत हा ग्रंथ होता. ड्रायडन कवीने १७०० साली याच पाद्र्याचे चित्र नव्याने रंगविले, आणि १७७० साली गोल्डस्मिथने आपल्या काव्यातील खेड्यात तशाच एका धर्मोपदेशकाला जागा दिली. राजाच्या गाड्यांना जे नेता आले नाही ते लोकांच्या आठवणीत राहिले.

कोणी विचारील की असा आदर्श माणूस रोजच्या व्यवहारात सापडायचा कोठे? शंका रास्त आहे. खुद्द चॉसरलाही अशी माणसे थोडीच भेटली असणार, नाहीतर त्याने बाकीच्यांची एवढी चित्रे काढली नसती. परंतु हिशेबात तूट किती आली हे कळावयाचे असेल तर मुळात असायला हवा होता तो आकडा वहीत लिहिलेला असावा लागतो. तो आकडाच नसेल तर शिल्लक काय आणि तूट काय, कोणालाच सांगता येत नाही. चॉसरने त्या काळच्या धर्मसंस्थेच्या वहीत तो मूळ आकडा लिहून ठेवला. माफीपत्रे विकणाऱ्याची लबाडी आपल्याला लबाडी म्हणून दिसते ती या पाद्र्यामुळेच.

आपल्या देवळाचे काम आज पुरे झाले आहे. देणगीदारांची नावे फरशीवर कोरली जातील आणि ती कोरली गेलीच पाहिजेत. पण दगडावर नाव नसलेलाही एक माणूस प्रत्येक देवस्थानाला लागतो. पावसात कोणाच्या आजाऱ्याकडे जाणारा, जमलेल्या पैशाचा पैनपै हिशेब देणारा, मोठ्याला मोठा म्हणून न भिणारा, सांगण्याआधी स्वतः करणारा आणि बोलावणे आले तरी गाव न सोडणारा. तो पुजारी असेल, पंच असेल, नाहीतर नांगर धरणारा त्याचा भाऊ असेल. असा एक जरी निघाला तरी या कळसाखालची सावली दाट होईल.

ग्रामदेवता सर्वांना तशी बुद्धी देवो, अशी प्रार्थना करून ही शब्दांची लहानशी सेवा येथे रुजू करण्यात येत आहे.